गावाचं नाव नसलेला परिचय

तुकोबांना कुणीतरी विचारलं असणार, बाबा, तुम्ही मूळचे कोण, या वाटेला लागलात कसे? विचारणारे कोण होते, कुठे बसले होते, हे गाथेत नाही. देहूच्या देवळातली एकादशीची मंडळी असतील, पंढरीच्या वाटेवर गाठ पडलेले वारकरी असतील. प्रश्न आपल्यापर्यंत पोचलेला नाही, उत्तर तेवढं पोचलं आहे. ते उत्तर म्हणजे गाथेतला विसेक कडव्यांचा अभंग. अभ्यासक त्याला आत्मचरित्रपर म्हणतात आणि तुकाराम बीजेच्या आसपास तो हटकून निरूपणाला निघतो. चरित्रकारांनी तर त्याची खाण केली आहे. दुष्काळाची साक्ष इथून काढायची, पहिल्या बायकोच्या मृत्यूची इथून, वह्या बुडवल्याची इथून. त्यात चूक काही नाही, पण खणताना कवितेकडे लक्ष राहत नाही. कोणत्या क्रमानं सांगितलं, कशाला किती शब्द दिले आणि काय गाळलं, हे पाहिलं की हा अभंग फार वेगळा दिसतो.

आपल्याकडे अनोळखी माणूस शेजारी बसला की पहिला प्रश्न कुठले तुम्ही, दुसरा काय करता. आडनाव विचारण्यामागे आणखी एक प्रश्न असतो, तो उघड कुणी विचारत नाही. तुकोबा नेमकं त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतात. अभंगाचा पहिला शब्दच जातीचा आहे. शूद्र जातीत जन्मलो, व्यापार केला, आणि हा देव आमच्या कुळात आधीपासून पुजला जातो. एका कडव्यात तीन गोष्टी झाल्या. देहूच्या पेठेची महाजनकी तुकोबांच्या मोरे घराण्यात होती, गावात वजन होतं, पण त्याचा उल्लेखही नाही. महाजन म्हणून ओळख देता आली असती. तुकोबांनी जात सांगितली, कारण वाद तिथेच होता. शूद्रानं वेदांचा अर्थ बोलू नये, असं म्हणणारी माणसं भोवती होती. ती जे मागून उकरून काढणार, ते यांनी दारातच ठेवून दिलं. त्यात गयावया नाही आणि मिरवणंही नाही. दुसऱ्या एका अभंगात ते देवाचे आभार मानतात की मला कुणबी केलंस हे बरं झालं, नाहीतर दंभानंच मेलो असतो. तिथे धार आहे. इथे मात्र नुसती नोंद आहे, नोंदवहीच्या पहिल्या रकान्यात असावी तशी.

जात सांगून झाल्यावर मग संकोच येतो. स्वतःबद्दल बोलू नये खरं तर, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून तुमचा शब्द पाळतो. पुस्तकात वाचताना हे शिष्टाचाराचं वाक्य वाटतं आणि डोळा पुढे सरकतो. पण हे कडवं ध्रुपदाचं आहे. अभंग वाचायचा नसतो, म्हणायचा असतो, आणि म्हणताना ध्रुपद परत परत येतं. म्हणजे आईबाप गेल्याचं सांगून झालं की टाळकरी म्हणणार, बोलू नये, पण तुम्ही विचारलंत. बायको उपाशी मेली, बोलू नये, पण तुम्ही विचारलंत. वह्या बुडवल्या, पुन्हा तेच. कहाणी जराशी पुढे गेली की संकोच तिला मागे ओढतो. त्या संकोचाखाली सांगण्याची जबाबदारी हळूहळू ऐकणाऱ्यांवर सरकत जाते. विचारलंत ना, मग ऐका. स्वतःविषयी बोलण्याची लाज शाबूत ठेवून स्वतःविषयी सगळं बोलायची ही युक्ती मला अजोड वाटते. ती शब्दांत नाही, गाण्याच्या रचनेत आहे, म्हणून मूक वाचनात ती हातून निसटते.

मग दुःखं येतात. फार भरभर येतात. संसारात अतिशय दुःखी झालो, आईवडील गेले, हे सगळं एका कडव्यात. बोल्होबा आणि कनकाई ही नावं आपल्याला परंपरेमुळे माहीत आहेत. तुकोबांनी ती दिलेली नाहीत. थोरला भाऊ सावजी बायको गेल्यावर तीर्थाटनाला निघून गेला, असं महिपतींनी लिहिलेल्या तुकोबांच्या चरित्रातून कळतं. त्याला अभंगात अर्धं वाक्यही नाही. पुढच्या कडव्यात दुष्काळ. हा 1630 च्या सुमाराचा, गुजरात आणि दख्खन उजाड करणारा दुष्काळ. शाहजहानच्या दरबारातल्या अब्दुल हमीद लाहोरीनं त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मेलेल्यांच्या हाडांचं पीठ करून पिठात मिसळून विकत होते, माणसं माणसांना खात होती, असं तो लिहितो. बखरकाराला संहार दिसला. तुकोबांनी एकच मरण दाखवलं, घरातलं. दुष्काळानं पैसा आटवला, मान नेला, आणि एक बायको अन्नासाठी टाहो फोडत मेली.

इथे क्रम बघावा. आधी द्रव्य, मग मान, मग बायको. वाण्याच्या घरात दुष्काळ याच क्रमानं शिरतो. गल्ला रिकामा होतो, उधार मिळेनासं होतं, आणि मग चूल. ज्या घरानं गावाला धान्य मोजून दिलं, त्या घरातली बाई उपाशी मरते. पुढचं कडवं लाजेचं आहे ते म्हणूनच. दुःखानं त्रासलो याच्या आधी लाज वाटली असं येतं, आणि मागोमाग धंद्यात तूट आल्याचं. शोक, लाज आणि तोटा एकमेकांत इतके गुंतले आहेत की वेगळे काढता येत नाहीत. दुःख असंच येतं, सोवळं आणि एकटं येत नाही.

या बाईचं नाव परंपरा रखमाबाई सांगते. अभंगात ती नुसती एक बायको आहे, दोघींपैकी एक. पण सबंध अभंगात तुकोबांशिवाय दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकू येतो तो फक्त तिचाच. गुरूनं स्वप्नात काय सांगितलं ते दिलेलं नाही, सोयऱ्यांनी काय समजावलं ते दिलेलं नाही, विरोधकांनी काय सुनावलं तेही नाही. हिच्या तोंडचा मात्र एक शब्द ठेवला आहे, दोनदा. त्या द्विरुक्तीनं ओळीची चाल किंचित अडखळते, चरण जड होतो आणि मरणाच्या क्रियापदावर येऊन थांबतो. काही कीर्तनांत या जागी पेटी थांबते, बुवांचा आवाज कापायला लागतो आणि रखमाबाईचा दमा, सासूबाईंचं मरण, पोराची भूक असा पाऊण तासाचा प्रवेश रंगतो. बायाबापड्या रडतात. मला ते रुचत नाही. तुकोबांनी जे एका अर्ध्या ओळीत संपवलं, ते आपण का पसरावं? तिथे जास्त बोलायचं असतं, तर बोलायला त्यांच्याइतका समर्थ माणूस कोण होता?

पाचव्या कडव्यात अभंग वळतो. देवाचं देऊळ होतं, ते मोडकळीला आलं होतं, आणि मनात आलं की हे करावं.

या अख्ख्या परिचयात जागा येते ती एवढीच. देहूचं नाव नाही. इंद्रायणी नाही, भंडारा डोंगर नाही, भामचंद्र नाही, घोराडेश्वर नाही. ज्या डोंगरांवर आज पायऱ्या आणि फलक आहेत, त्यांतला एकही तुकोबांना आपल्या ओळखीत सांगावासा वाटला नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटाशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. तिथे गोदावरीचा दक्षिण काठ आहे, महालया आहे, यादव राजा रामचंद्र आहे, शके 1212 आहे, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबाही आहेत. ग्रंथ कुठे, कधी, कुणाच्या राज्यात झाला याचा पुरा पत्ता. तुकोबांच्या परिचयात राजा नाही, शक नाही, गाव नाही. एक पडकं देऊळ आहे, तेही कुठलं ते सांगितलेलं नाही. कुळपूज्य देव पहिल्या कडव्यात येऊन गेला होता, त्याचं घर पाचव्यात पडलेलं दिसतं. मधल्या तीन कडव्यांत स्वतःचं घर पडलं. दोन्हींचा संबंध तुकोबा जोडून दाखवत नाहीत. ओळी शेजारी ठेवतात आणि पुढे जातात. शिवाय देऊळ मी बांधलं असंही म्हणत नाहीत, करावंसं मनात आलं, एवढंच म्हणतात. कर्तेपणापासून एक पाऊल मागे राहायची ही लकब अभंगभर दिसेल.

पुढची कडवी मला सर्वांत आवडतात, आणि त्यांच्याकडे सहसा कुणी बघत नाही. आधीचा धंदा बुडाला, आता हा माणूस दुसरा धंदा शिकतो आहे. आधी एकादशीला कीर्तन करायला लागलो, पण अभ्यासात चित्त नव्हतं. मग संतांची काही वचनं पाठ केली, विश्वासानं आणि आदरानं. जे पुढे उभे राहून गात, त्यांच्या मागे राहून ध्रुपद धरलं. संतांच्या पायांचं तीर्थ घेतलं, मनात लाज येऊ दिली नाही. शरीर कष्टवून जमेल तेवढा उपकार केला. उमेदवारीचा इतका साधा आणि नेमका हिशेब मराठीत क्वचितच सापडेल. प्रतिभेचा झटका नाही, दृष्टांत नाही, आधी पाठांतर आणि मागच्या रांगेत उभं राहणं. ज्यानं गाथा लिहिली, तो सांगतो की मी सुरुवातीला दुसऱ्याचं पालुपद म्हणणारा होतो. आणि हे ज्या अभंगात सांगतो, त्याचं ध्रुपद समोरची मंडळी मागे राहून धरताहेत.

लाज इथे दुसऱ्यांदा आली हे लक्षात आलं असेल. चौथ्या कडव्यात ती जिवाला खात होती, नवव्यात तिला आत येऊ दिलेलं नाही. भुकेल्या घराची लाज वेगळी आणि वाण्यानं चारचौघांत पायवणी पिण्याची लाज वेगळी. पण माणूस तोच आहे, आणि या दोन कडव्यांच्या मध्ये त्याचं काय झालं हे आपण पाहिलेलं आहे.

मग दोन नकार येतात. हितचिंतकांचं ऐकलं नाही, आणि खऱ्याखोट्याला आपल्या मनाची साक्ष काढली, बहुमत मानलं नाही. दुसऱ्या नकाराची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे मी तिथे थांबत नाही. एवढंच म्हणेन की ही ओळ सुटी करून भिंतीवर लावली की ती बंडखोराची घोषणा होते. अभंगात ती मागच्या रांगेत उभं राहून पाठांतर केल्यानंतर येते. आधी दुसऱ्यांचे शब्द आदरानं तोंडी बसवले, मग मनाला साक्षीला बोलावलं.

गुरूचा उपदेश स्वप्नात मानला, हे एका चरणात. बाबाजींचं नाव, माघ शुद्ध दशमी, गुरुवार हा तपशील तुकोबांनी दुसऱ्या अभंगात दिला आहे, इथे दिला नाही. आणि मग, चौदाव्या कडव्यात, कविता. यानंतर कवित्वाची स्फूर्ती झाली आणि विठोबाचे पाय मनात धरले. बस्स. मुंबई सरकारच्या मदतीनं 1869 ते 1873 या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून पंडितांची गाथा निघाली, तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. ते लिहिणाऱ्यानं आपल्या कवितेला परिचयात अर्धं कडवं दिलं. कीर्तन शिकण्याला त्याच्या कितीतरी पट जागा आहे. आज कवी आपला परिचय लिहितो तेव्हा प्रमाण बरोबर उलटं असतं. पुस्तकांची यादी आधी, आईबाप असलेच तर शेवटी.

कविता आली की लगेच घाव येतो. निषेधाचा काही आघात झाला, मन दुखावलं, वह्या बुडवल्या, धरणं धरून बसलो, नारायणानं समाधान केलं. वाघोलीचे रामेश्वर भट इथे नाहीत. ज्याच्यामुळे हातानं लिहिलेलं सगळं नदीत गेलं, त्याचं नाव घेण्याची ही जागा होती. पण आघाताला लावलेलं ‘काही’ हे विशेषण बघा. कसलासा विरोध झाला म्हणे, असा त्याचा सूर आहे. हीच तुकोबांची क्षमा म्हणायची की हीच त्यांची उपेक्षा, हे मला ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही.

त्याहून मोठी गाळलेली गोष्ट पुढे आहे. वह्या पाण्यातून कोरड्या वर आल्या, हे या अभंगात नाही. देवानं पाण्यात कागद राखले, असं तुकोबा इतरत्र म्हणतात. देहूत राहून गेलेल्या शिऊरच्या बहिणाबाई तेरा दिवस वह्या पाण्यात राहून वाचल्याचं सांगतात. म्हणजे चमत्काराची कथा तुकोबांच्या हयातीतल्या माणसांना ठाऊक होती, आणि तुकोबांनी ती स्वतः नाकारलेलीही नाही. तरी, तुम्ही कोण, असं विचारल्यावर ती सांगितली नाही. समाधान झालं, एवढं सांगितलं. चमत्कार परिचयात घातला असता तर ऐकणारे पायाच पडले असते आणि विषय तिथेच मिटला असता. चमत्कारावर श्रद्धा असलेल्यांनी आणि नसलेल्यांनी, दोघांनीही हे मौन ऐकायला हवं असं मला वाटतं. आपण मात्र तीन-साडेतीनशे वर्षं भांडतो आहोत ते त्यांनी न सांगितलेल्या गोष्टीवर.

आणि इथे ते थांबतात. विस्तारानं सांगायला गेलो तर पुष्कळ आहे, उशीर होईल, आता पुरे. आता आहे ते दिसतंच आहे, पुढचं काय ते देवाला ठाऊक. परिचय देणारा प्रत्येक माणूस या कडेला येऊन पोचतो. जन्म, जात, गाव, धंदा, घरचे मृत्यू हे सगळं सांगता येतं, एक रकाना मात्र रिकामा राहतो. तो आपल्या हातानं भरता येत नाही. तुकोबा तो रिकामा सोडतात आणि देवाच्या हवाली करतात. त्यानंतर, नारायण भक्ताची उपेक्षा करत नाही हे कळून आलं, असं म्हणतात. हे कडवं साचेबंद फलश्रुतीसारखं वाटू शकतं, पण कळून आलं ही अनुभवाची भाषा आहे, आणि मागे बायकोचं मरण आहे. ते मरण सांगून झाल्यावर देवाच्या दयेविषयी बोलणं सोपं नाही. शेवटी येतं भांडवल. हेच माझं सगळं भांडवल, आणि हे बोलही पांडुरंगानं बोलवले. पहिल्या कडव्यात व्यापार, चौथ्यात तूट, अखेरीला भांडवल. आणि नाव? तेही अखेरीलाच, मुद्रिकेत. जातीनं सुरू झालेली ओळख नावापाशी संपते, आणि त्याच दमात नावाचा धनी म्हणतो की बोलणारा मी नव्हेच.

याच घटना तुकोबांनी आणखी दोनदा सांगितल्या आहेत, त्या शेजारी ठेवल्याशिवाय या अभंगाचा संयम पुरता कळत नाही. एका अभंगात ते देवाला म्हणतात, बरं झालं दिवाळं निघालं, बरं झालं दुष्काळानं पिडलं, बरं झालं जगात अपमान झाला. दुसऱ्यात तर विठोबाशी खासगी बोलणं आहे. आता तुझंमाझं राज्य, तिसऱ्याचं काम नाही. बाप नकळत गेला, बायको सुटली, पोर मेलं ते बरंच झालं, आई डोळ्यांदेखत गेली, काळजी मिटली. संतांसमोर जे पोर उच्चारलंही नाही, ते इथे येतं, आणि येतं ते अंगावर काटा आणणाऱ्या थंडपणानं. काही वाचकांना हे वैराग्य वाटतं. मला यात खूप रडून झाल्यावरचा, देवाला ऐकवण्यासाठी काढलेला कोरडा आवाज ऐकू येतो. घे, सगळे नेलेस, आता आपण दोघेच. माणसांसमोर लाज वाटली असं कबूल करायचं आणि देवासमोर बरं झालं असं म्हणायचं. खरं कोणतं, हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. विचारणारा बदलला की तीच मरणं वेगळ्या शब्दांत सांगावी लागतात.

राहिला रिकामा रकाना. तोही तुकोबांनी भरला आहे, निराळ्या अभंगात. आपलं मरण आपण डोळ्यांनी पाहिलं आणि तो मोठा सोहळा झाला, असं सांगणारा तो अभंग. त्याच्या जातकुळीचे आणखीही अभंग आहेत. देहाला आपल्या हातानं बोळवलं, आपलं पिंडदान आपणच केलं. अंत्यविधीची सगळी परिभाषा तिथे येते आणि यजमान तर मेलेलाच आहे. अध्यात्म म्हणून याचा अर्थ लावणं सोपं आहे, अहंकार मेला असं म्हटलं की झालं. पण परिचयाचा अभंग मनात ठेवून तो वाचला तर जुनी माणसं भेटावीत तसे जुने तपशील भेटतात. अहंकारामुळे मी एकाच जागी अडकून होतो, तो सोडला आणि सुकाळ झाला, असं ते म्हणतात. सुकाळ हा शब्द ज्याची बायको दुष्काळात गेली त्याच्या तोंडी आहे, हे विसरून चालणार नाही. जन्ममरणाचं सुतक फिटलं, असं म्हणतात. ज्या घरात सुतकामागून सुतक आलं, त्या घरातला माणूस हे म्हणतो. नारायणानं राहायला जागा दिली, असं म्हणतात. गावाचं नाव न सांगणाऱ्याला इथे पत्ता मिळाला.

तुकोबांचा प्रत्यक्ष शेवट कसा झाला यावर वाद आहेत आणि राहतील. सदेह वैकुंठाला गेले, असं संप्रदाय मानतो, घातपाताची शंका घेणारेही आहेत. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत गर्दी होते, आणि त्यांच्यामागून जन्मलेल्या मुलानं, नारायणबाबांनी, 1685 मध्ये सुरू केलेली पालखी आषाढात निघते. या वादांत मरणाच्या अभंगाचा पुरावा म्हणून उपयोग नाही. त्याला तिथी नाही, आणि परिचयाच्या अभंगालाही नाही. कोणता आधी लिहिला हे गाथेवरून कळायला मार्ग नाही. पुढचं देवाला ठाऊक, असं म्हणणाऱ्यानं आपलं मरण त्याआधीच पाहून ठेवलेलं असेल, हेही अशक्य नाही. संतांनी विचारल्यावर ते सांगायची वेळ नव्हती, उशीर होत होता. एक गोष्ट मात्र दोन्हींकडे सारखी आहे. मेल्यावर, सुतक फिटल्यावर, पिंड पडल्यावरही अभंगाला शेवटच्या कडव्यात मुद्रिका लागतेच, आणि तुका ती करतो.